दंडाचा चहा

शिक्षकांच्या खिशात दोन गोष्टी कायम सापडतात, खडूचे तुकडे आणि किस्से. खडू धुण्यात विरघळून जातात. किस्से मात्र साठत राहतात, आणि चार शिक्षक एका लग्नात एका पंगतीला बसले की वरण वाढून व्हायच्या आत बाहेर पडतात. मध्यंतरी आळ्याला एका लग्नात मला तिघींनी घेरलं. “तुमच्या शाळेत म्हणे हेडसर चहा करतात. खरं का?” मी म्हटलं, खरं आहे, पण ते एका वाक्यात सांगण्यासारखं नाही. पंगत उठली तरी आम्ही बसूनच होतो. तिथे जे सांगितलं तेच इथे सांगते.

आधी मंडळींची ओळख. आमची शाळा डिंगोऱ्याच्या बाजूच्या एका वाडीवर आहे. सातवीपर्यंत वर्ग आणि आम्ही चार शिक्षक. गुंजाळ सर हेडमास्तर. माणूस देवासारखा, पण बोलणं त्यांच्या वडिलांच्या काळातलं. तांबे मॅडम पहिली-दुसरीला. समोरचा अर्धं वाक्य चुकीचं बोलला तर उरलेलं अर्धं त्या बोलू देत नाहीत. कुटे सर सगळ्यांत तरुण. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून, मन रमेना म्हणून मास्तर झाले. त्यामुळे त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक ‘सिस्टीम’ असते. आणि चौथी मी, सहावी-सातवीची बाई.

या सगळ्यात एक मुलगी येत-जात राहील. सातवीतली सानिका. तिला गॅदरिंगला माईक हवा होता, बाकी काही नाही. सातवीनंतर आमची मुलं दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जातात. म्हणजे यंदा मिळाला तर मिळाला.

* * *

तर या सगळ्याची सुरुवात झाली तालुक्याच्या प्रशिक्षणात. विषय होता, वर्गात मुलांना साच्यात कसं टाकू नये. मुलगी म्हणजे अशी, मुलगा म्हणजे तसा, अमक्या वस्तीवरचा म्हणजे असाच, हे आपण नकळत रोज बोलत असतो, ते कसं टाळायचं. शिकवणाऱ्या ताई खरंच छान बोलल्या. आम्ही गटागटात बसून मोठ्या कागदावर साचे लिहिले आणि लाल पेनाने खोडले. सगळ्यांत जास्त खोडले ते आमच्या गुंजाळ सरांनी.

शेवटी तालुक्याचे मोठे साहेब आले. “साचे मोडा, नवी पिढी घडवा,” असं पोटतिडकीने बोलले. आम्ही टाळ्या वाजवल्या. खाली बसता बसता त्यांनी माईक पुन्हा ओढून घेतला आणि म्हणाले, “चहा आलेला आहे. भगिनींनी जरा वाटपाचं बघावं.”

आणि गंमत म्हणजे आम्ही भगिनी उठलो की! सगळ्या उठलो. तांबे मॅडमच्या हातात किटली आली तेव्हा त्यांना कळलं की आपण उठलो आहोत.

परतीच्या जीपमध्ये मॅडम गप्प होत्या. त्या गप्प असल्या की आम्हाला धडकी भरते. आळेफाटा आल्यावर त्यांनी तोंड उघडलं. “उद्यापासून शाळेत जो साच्यातलं बोलेल, त्यानं मोठ्या सुट्टीत सगळ्यांचा चहा करायचा. बाई असो नाहीतर बुवा.” कुटे सरांना आयती सिस्टीम मिळाली. त्यांनी तिथल्या तिथे नियम बसवला. वाद घालायचा नाही, भाषण द्यायचं नाही. ऐकणाऱ्याने फक्त ‘चहा’ म्हणायचं आणि बोलणाऱ्याने उठायचं.

गुंजाळ सर मोकळेपणाने हसले. “मंजूर. बरं झालं, बायकांची एक कटकट मिटली.”

“सर,” तांबे मॅडम म्हणाल्या, “चहा.”

* * *

दुसऱ्या दिवशी मोठ्या सुट्टीत सर खिचडीच्या खोलीत गेले. खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी गॅस पेटवून दिला आणि त्या गंमत बघत दारात बसल्या. बराच वेळ आतून काही आवाज येईना. मी डोकावले, तर सर पातेल्यासमोर उभे आणि फोन कानाला. घरी काकूंना विचारत होते, “पावडर आधी टाकायची का दूध?”

पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण सर म्हणत होते, “अगं, कुठं काय. तब्येत बरी हाय. न्हाई, चक्कर न्हाई आली. सहज इचारतोय.”

या ‘सहज’नेच घात केला. लग्न झाल्यापासून ज्या माणसाने स्वतःचा कप विसळला नाही, तो भर दुपारी सहज चहाची कृती विचारतोय म्हटल्यावर काकूंना कसा धीर निघणार? त्या मुलाच्या मोटरसायकलवर बसून थेट शाळेत आल्या. आल्या आल्या सरांच्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग पातेल्यात बघितलं.

“ह्येंना काय झालं न्हाई,” त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या, “पर चहाला झालंय.”

तो सबंध आठवडा चहा सरांनीच केला. “पोरी ऱ्हाऊ द्या, पोरांनी बाकं उचला” म्हणाले, चहा. “पोरगा असून रडतो व्हय रे” म्हणाले, चहा. आठवडाअखेर चहा पिण्यासारखा होऊ लागला. खिचडीच्या खोलीची किल्लीही सरांनी स्वतःच्याच खिशात ठेवायला सुरुवात केली. रोज कोण मागत बसणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

* * *

मुलांना हा नियम कळायला वेळ लागला नाही. भिंतींना कान असतात म्हणतात, आमच्याकडे तर वर्गांमधल्या भिंती अर्ध्याच आहेत. पहिलीतल्या पोरांनासुद्धा कळलं की एक शब्द उच्चारला की हेडसर उठून जातात. एवढी ताकद त्यांनी आजवर कुठल्याच शब्दात बघितली नव्हती.

एकदा सर माझ्या वर्गावर आले होते. धडा लोकरीचा. सरांनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती जिथे थांबायची तिथे थांबली.

“सानिका, ऊठ. सांग बरं, मेंढीची लोकर वर्षातून किती वेळा कातरतात?”

“मला नाय ठाऊक, सर.”

“असं कसं? अगं, तुमच्या घरातलंच काम.”

“सर, मेंढरं माज्या आज्यानंच इकली. मी आपली रस्त्यावरून जाताना बघते. आमच्या घरी जेसीबी हाय.”

आता हे सरांना माहीत नव्हतं असं नाही. धनगरवस्तीवरच्या दोन-तीन घरांत अजून मेंढरं आहेत, बाकीचे कांदा-टोमॅटो करतात. सानिकाचे वडील, बाळूभाऊ, पंचक्रोशीतल्या शेततळ्यांचे खड्डे खणतात. शाळेचं मैदान सपाट केलं तेही त्यांनीच. सरांनी तेव्हा त्यांचा नारळ देऊन सत्कार केला होता. पण धड्यात मेंढी आली की सरांना सानिकाच दिसायची.

मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, “सर, चहा.”

सरांनी खडू ठेवला आणि निघाले. दारात थांबून वळले. “मग तुला जेसीबीचं काय विचारू?”

“काय बी इचारा,” सानिका म्हणाली.

* * *

त्याच दुपारी ती माझ्यापाशी आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

“बाई, पयलीपासून गॅदरिंगला तुमी माज्या खांद्यावर घोंगडीच टाकता. दरसाल तेच धनगरांचं गजानृत्य. मला नाचता येत न्हाई, बाई. समद्यांचा उजवा पाय पडतो तवा माजा डावा असतो.”

“मग काय करायचंय तुला?”

“मला माईक पायजे. आर्या बोलती तसं. आता कोण नाचणार, कोण गाणार, ते मी सांगणार.”

आर्या तलाठ्यांची मुलगी. तिच्या घरी बोलणं पुस्तकातलं, म्हणून आमच्याकडचा माईक पहिल्यापासून तिचा. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं. जसं घोंगडी कुणाची ते ठरवलेलं नव्हतं. ही पोर इतकी वर्षं मनात ठेवून होती हे ऐकून मला फार लागलं.

मी हेडसरांकडे गेले. सर विचारात पडले. “पोरगी गुणी हाय, मॅडम. पण माईकवर ‘व्हतं-न्हाई’ कसं चालंल? यंदा मोठे साहेब येणारेत.”

मी नुसतं तोंड उघडलं.

“बोलू नका,” सर म्हणाले. “किल्ली काढलीच आहे मी.”

चहा ढवळता ढवळता त्यांनी तोडगा काढला. सानिकाने आधी सकाळचा परिपाठ चालवून दाखवायचा. जमलं तर माईकचं बघू.

* * *

कुटे सरांचं निराळंच चाललं होतं. त्यांनी ठरवलं की गणितातली सगळी माणसं उलटी करायची. फळ्यावर लिहिलं, ‘सुनीता ट्रॅक्टरने एका तासात एक एकर नांगरते.’ त्यावर कुणी काही बोललं नाही. मग लिहिलं, ‘सुरेश एका तासात नव्वद भाकऱ्या करतो, तर अर्ध्या तासात किती?’ आणि वर्गाकडे वळून कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

पाचवीतला ओंकार उठला. “सर, गणित चुकलंय.”

“का? मुलगा भाकऱ्या करू शकत नाही का?” सर एकदम फॉर्मात आले.

“करू शकतो की. पर तासाला नव्वद न्हाई व्हत.”

“तुला कसं माहीत?”

“आई टोमॅटो तोडायला जाती तवा मीच करतो. एका तव्यावर तर लईच झाल्या. सुरेशकडं चुली किती हायेत?”

सरांनी सहज विचारलं, आणखी कुणाला भाकरी येते? निम्म्या पोरांचे हात वर. आमच्याकडे टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की आया पहाटेच रानात जातात, त्यामुळे पोरं आपापलं शिकलेली. त्यात वाद लागला की पीठ गरम पाण्यात मळायचं का गार. मग एक मुलगी उठून म्हणाली, “मला नाय येत. माजा दादा करतो.”  शेवटी कुटे सरांनी नव्वद खोडलं आणि सुरेशला आणखी एक चूल दिली.

* * *

दुसरीच्या वर्गात एक जुनाट तक्ता आहे, ‘माझे कुटुंब’. त्यात आई चुलीपाशी, ताई केर काढतेय, दादा क्रिकेट खेळतोय आणि बाबा खुर्चीत बसलेत. तांबे मॅडम तो उतरवायच्या मागे होत्या, पण गुंजाळ सर म्हणाले, सरकारी सामान आहे, जपून ठेवा. मग मॅडमनी त्याचाच पाठ घेतला.

“आई काय करतेय?”

“सयपाक.”

“बाबा काय करतायत?”

पोरांनी तक्त्याकडे नीट बघितलं. बाबांच्या हातात काहीच नव्हतं. शेवटी एक चिमुरडी म्हणाली, “सुट्टी व्हायची वाट बघत्यात.”

“कशाला गं?”

“चहा करायला. कायतरी बोलले असत्याल.”

* * *

सानिकाचा परिपाठ मात्र पडला. ती पाठ करून आली होती, सगळं आर्यासारखं. “यानंतर सुविचार सादर करण्यात येत आहे” हे वाक्य तिने तीनदा सुरू केलं आणि तीनदा ‘करण्यात’पाशी अडकली. पोरं फिदीफिदी हसली. पहिलीतली तर एकमेकांना ढकलायला लागली. गुंजाळ सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात ‘मी म्हणालो नव्हतो का’ असं सगळं होतं. सानिकाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मला तिथून दिसत होतं.

मी जवळ जाऊन म्हटलं, “ते पाठ केलेलं सोड. तुमच्या वस्तीवर पोरं गोळा करायची असली तर काय म्हणशील?”

तिने नाक पुसलं, माईक धरला आणि म्हणाली, “ए गप बसा रं. आता सुविचार हाय. ओंकार सांगणार हाय आन् त्यानं रातीला पाठ केलाय, तर ऐका.”

सगळं मैदान गप्प. पहिलीची रांग सरळ झाली. ओंकारने इतका जीव लावून सुविचार म्हटला की स्वतःच टाळी वाजवली.

गुंजाळ सर पुटपुटले, “पण हे असं साहेबांसमोर चालतं का?”

“सर,” तांबे मॅडम म्हणाल्या, “माझा पहिलीचा वर्ग जूनपासून पहिल्यांदा गप्प बसलाय.”

सरांनी मान हलवली. “तेवढं मात्र खरं.” पण माईकचं ते उद्या सांगतो म्हणाले, आणि उद्याही उद्याच म्हणाले. सानिका रोज सकाळी परिपाठ चालवायची आणि शेवटी सरांच्या तोंडाकडे बघायची. मला ते बघवत नसे.

* * *

एका संध्याकाळी, शाळा सुटायच्या बेताला, शाळेमागच्या उसात बिबट्या दिसल्याचा फोन आला. आमच्याकडे ही नवी गोष्ट नाही, पण म्हणून भीती कमी होत नाही. गुंजाळ सर धावत वर्गांवर आले. “आधी मुलींना सोडा. पोरं थांबतील मागं.”

सगळे दप्तरं आवरायला लागले. तिसरीतला एक मुलगा तेवढा हलेना.

“काय रे, काय झालं?”

“सर,” तो रडवेला होऊन म्हणाला, “आमी पोरं हाय म्हणून थांबलोय, हे बिबट्याला ठाऊक हाय का?”

 सरांनी त्याचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. सगळी मुलं एकदम सुटली, वस्तीवार गट करून. प्रत्येक गटापुढे आमच्यापैकी एक, काठी वाजवत. त्या मुलाला सरांनी घरापर्यंत पोचवलं. दुसऱ्या दिवशी कुणी काही म्हणायच्या आत सरांनी चहा करून ठेवला होता.

* * *

मग आली पालकसभा. एक गृहस्थ उठले. बोलणं ऐसपैस, आवाज खणखणीत. “मॅडम, आमचं पोरगं जरा कायी झालं की मुळूमुळू रडतंय. पोरीवानी. त्याला जरा कडक करा.”

त्यांची मुलगी चौथीत. ती खिडकीतून म्हणाली, “पप्पा, चहा.”

त्यांना वाटलं लेक चहा विचारतेय. “नगं, आत्ताच पिलोय.” मग कुटे सरांनी त्यांना सिस्टीम समजावून सांगितली. माणूस दिलदार. म्हणाले, “आसं हाय व्हय? दावा गॅस.”

तो चहा आम्ही जन्मात विसरणार नाही. दाट, वेलची घातलेला, वर सायीचा पातळ पडदा. चौकशी केली तेव्हा कळलं की त्यांची आळेफाट्याला टपरी आहे. पुढच्या पालकसभेला आम्ही चौघेही त्यांच्या बाजूलाच कान देऊन बसलो. पण ते तोवर सुधारले होते. काय सांगावं, एखाद्या माणसाच्या सुधारण्याचं एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

* * *

गॅदरिंग जवळ आलं. यंदा बाकं मुलींनी आणि मुलांनी मिळून उचलली, रांगोळीला ज्याला वाटेल तो बसला. पोरांनी ठिपके, मोर असल्या भानगडीत न पडता मैदानाच्या फाटकात शर्यतीचा बैलगाडा काढला. पुढे घोडी, मागे बैल, धुरळा वेगळ्या रंगात. घोडीचा पाय बरोबर वाटेत आला, त्यामुळे गॅदरिंगच्या दिवशी सगळं गाव घोडीला वळसा घालून आत आलं.

कार्यक्रमाच्या तालमीला आर्या हेडसरांसमोर जाऊन उभी राहिली. “सर, मला यंदा माईक नको. मला गजानृत्यात घ्या.”

“तुला?” सर चकित झाले. “तुला कशाला गं घोंगडी?”

दारात गर्दी करून उभ्या असलेल्या पोरांनी एका सुरात आठवण करून दिली, “सर, चहा.”

“मला पहिलीपासून नाचायचं होतं,” आर्या म्हणाली. “पण माझ्या हातात नेहमी माईकच यायचा.”

सर किल्ली काढून दोन पावलं गेले आणि परत आले. “मग माईक सानिकाला द्या,” ते मला म्हणाले. आणि ते ऐकून सानिका दोन्ही पायांवर अशी उडाली की डावा-उजवा पहिल्यांदाच बरोबर पडला असेल.

गॅदरिंगच्या दिवशी सरांनी तिला बाजूला घेतलं. चेहरा काळजीचा. “माईक तुझा, सानिका. पण साहेबांसमोर भलतंसलतं नको. त्यांच्या एका शेऱ्यावर शाळेचं नाव ठरतं. आणि पुढं कुणाच्या हातात माईक द्यायचा, ते पण आजच ठरणार.”

“व्हय, सर,” सानिका म्हणाली. ती फार घाबरली होती. 

* * *

बिबट्यामुळे कार्यक्रम दुपारीच ठेवला होता. साहेब आले. प्रशिक्षणातले तेच मोठे साहेब. त्यांना दोन मुलांनी ओवाळलं. मुलांनी कुंकू जरा सढळ हाताने लावलं, त्यामुळे साहेब दिवसभर देवीला जाऊन आल्यासारखे दिसत होते. मैदान भरलं होतं. बाळूभाऊ काम टाकून जेसीबीसकट आले होते आणि जागा नाही म्हणून कुंपणाबाहेर त्याच्याच पायरीवर उभे होते.

आणि सानिका बोलायला लागली.

“रामराम. मी सानिका. आज लई नाच हायेत, लई गाणी हायेत, तर पोरांनी खाली बसायचं आन् मागच्यांनी फोन खाली धरायचे, मागं आया हायेत त्यास्नी बी दिसू द्या.”

फोन खाली गेले. आमच्या गॅदरिंगला लोक पोराचा नाच झाला की उठून जातात. यंदा एक माणूस हलला नाही. आर्या घोंगडी खांद्यावर टाकून अशी नाचली की तिचे वडील खुर्चीवरून उठून उभे राहिले. त्यांनाही सानिकाने माईकवरून खाली बसवलं. गुंजाळ सर शेजारी उभे राहून हळूहळू हसायला लागले होते. मला वाटलं, जमलं. पोरीने जिंकलं.

मग साहेब बोलायला उठले. त्यांनी दुसरा माईक घेतला. शाळेचं कौतुक केलं, आमचं केलं. मग सानिकाकडे वळले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मनापासून म्हणाले, “आणि ही मुलगी! काय धिटाई, काय बोलणं. खरं सांगतो, वाटतच नाही ही धनगरवस्तीवरची आहे म्हणून.”

मोठ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी नाही वाजवल्या. सगळी शाळा, पहिली ते सातवी, सानिकाकडे बघत होती. पहिलीच्या रांगेतून “च” एवढं आलं आणि तांबे मॅडमनी त्या तोंडावर हात ठेवला. कुंपणाबाहेर बाळूभाऊंचे टाळीसाठी वर आलेले हात तसेच थांबले.

सानिकाने साहेबांकडे बघितलं नाही. तिने गुंजाळ सरांकडे बघितलं. माईक तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

 सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग खिशात हात घातला आणि किल्ली काढून तळहातावर धरली.

सानिकाने माईक तोंडाशी नेला. “साहेब, आमच्या शाळेत आसं बोललं की मोठ्या सुट्टीत चहा करावा लागतो. समद्यांनाच लागतो. आमच्या हेडसरांनी तर लई येळा केलाय.”

साहेब हसले. मग इकडे तिकडे बघितलं, तर कुणीच हसत नव्हतं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, नंतर कुंपणाबाहेरच्या बाळूभाऊंकडे बघितलं, आणि हातातला माईक खाली ठेवला. 

“गॅस कुठंय?” साहेबांनी विचारलं.

गुंजाळ सरांनी त्यांच्या हातात किल्ली दिली आणि हळूच सांगितलं, “साहेब, दूध नंतर.”

पुढचे दोन नाच झाले तरी साहेबांचा पत्ता नव्हता. मग ते खिचडीच्या खोलीतून बाहेर आले, बाह्या वर केलेल्या, हातात कपांचं ताट. भगिनी बसून राहिल्या. साहेब आधी स्टेजवर गेले आणि पहिला कप सानिकापुढे धरला.

“बघ गं, जमलाय का.”

तिने एक घोट घेतला. सगळं गाव वाट बघत होतं. तिने माईक पुन्हा तोंडाशी नेला.

“आलं जरा जास्त झालंय, साहेब. पुढच्या येळंला कमी टाका.”